निर्धोक मात्रेचा शोध

कोणताही पदार्थ पुरेशा मात्रेत शरीरात गेला तर अपाय करतो आणि पुरेशा अल्प मात्रेत गेला तर बहुधा करीत नाही, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु निर्धोक मात्रेची सीमा नेमकी कोठे आखावी, ती कोणी आखावी आणि आखताना चूक झाली तर तिचा भार कोणी सोसावा, हे प्रश्न राज्यसंस्थेपुढे ठळकपणे उभे राहिले ते विसाव्या शतकात. अन्न घरात वा गावात तयार होण्याऐवजी कारखान्यात तयार होऊ लागले, डांबरापासून काढलेले कृत्रिम रंग मिठाईत आणि बोरॅक्स-फॉर्मल्डिहाइडसारखी परिरक्षके मांस-दुधात मिसळली जाऊ लागली, आणि आपण काय खातो हे पाहून, हुंगून वा चाखून ओळखण्याची ग्राहकाची शक्ती संपली. या नव्या परिस्थितीतून ‘जोखीम मूल्यमापन’ नावाची पद्धत हळूहळू आकाराला आली. एखाद्या पदार्थामुळे किती लोकांना, किती मात्रेत, कोणता अपाय होण्याचा संभव आहे याचा अंदाज बांधून त्यावर कायद्याचे निर्बंध उभारणे, असे तिचे स्वरूप होते. तिची जडणघडण मुख्यतः अमेरिकेत झाली आणि तेथील नियम पुढे जगभर अनुसरले गेले. ती प्रयोगशाळेत जितकी घडली तितकीच कायदेमंडळात आणि न्यायालयातही घडली.

अमेरिकी कृषी खात्याचे मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वी वायली यांनी 1902 मध्ये निरोगी तरुण स्वयंसेवकांना ठरावीक मात्रेत परिरक्षके खाऊ घालून त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. वृत्तपत्रांनी या तरुणांना ‘विषपथक’ असे नाव दिले. आजच्या दृष्टीने हे प्रयोग अशास्त्रीय आणि माणसांच्या बाबतीत अक्षम्य होते. तथापि त्यांनी जनमत जागे केले आणि 1906 च्या शुद्ध अन्न व औषध कायद्याला मोठे बळ मिळाले. त्या कायद्याने भेसळ आणि खोटी लेबले यांवर बंदी आणली, परंतु औषध बाजारात आणण्यापूर्वी ते निर्धोक आहे हे दाखवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली नाही. अपाय झाल्यानंतर तो सिद्ध करण्याचे ओझे सरकारवरच राहिले, आणि कायद्यातील ही उणीव तीन दशके तशीच राहिली.

दरम्यान प्रयोगशाळांत प्राण्यांवरील चाचण्यांना शिस्त येत होती. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी 1927 मध्ये प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा हे विषारीपणाचे माप म्हणून मांडले. हे माप डिजिटॅलिस, इन्शुलिन यांसारख्या औषधांची ताकद प्रमाणित करण्यासाठी निघाले होते. पुढे ते जवळजवळ प्रत्येक रसायनाला लावले गेले, आणि किती प्राणी मेले हे मोजणे म्हणजे विषशास्त्र अशी समजूत रूढ झाली.

टेनेसी राज्यातील ब्रिस्टल या गावच्या एस. ई. मॅसेनगिल कंपनीने 1937 च्या उन्हाळ्यात सल्फानिलामाइड हे जंतुनाशक औषध द्रवरूपात आणण्याचे ठरवले. हे औषध पाण्यात वा अल्कोहोलमध्ये सहज विरघळत नव्हते. कंपनीच्या मुख्य रसायनतज्ज्ञाला ते डायइथिलीन ग्लायकॉल या गोडसर, दाट द्रावकात विरघळते असे आढळले. मिश्रणात रासबेरीचा स्वाद घालण्यात आला, रंग, वास आणि चव यांची पारख झाली, आणि सप्टेंबरमध्ये 240 गॅलन औषध देशभर रवाना झाले. द्रावक विषारी आहे काय, याची एकही चाचणी झाली नाही, कारण कायद्याने ती मागितलीच नव्हती. ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातील टल्सा येथील डॉक्टरांच्या लक्षात आले की हे औषध घेतलेल्या मुलांची लघवी बंद होत आहे आणि तीव्र वेदनांनंतर ती दगावत आहेत. मूत्रपिंडे निकामी होऊन एकंदर 105 माणसे मेली. त्यांत 34 मुले होती.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आपले जवळजवळ सगळे निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ, म्हणजे 239 माणसे, औषधाच्या बाटल्या शोधायला रस्त्यावर उतरवली. दुकानांच्या नोंदवह्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि फिरत्या विक्रेत्यांच्या आठवणी यांच्या आधारे त्यांनी 240 पैकी 234 गॅलन परत मिळवले. उरलेल्या थोड्या द्रवानेच शंभरांवर बळी घेतले. कंपनीवर खटला उभा राहिला तो मृत्यूंसाठी नव्हे. औषधाच्या नावातील ‘एलिक्झिर’ या शब्दावरून त्यात अल्कोहोल असल्याचे सूचित होत होते आणि प्रत्यक्षात ते नव्हते, एवढ्या कारणावरून चुकीच्या लेबलाचा आरोप ठेवता आला, आणि 26,100 डॉलर दंड झाला. या शोकांतिकेनंतर काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी कायदेमंडळात, वर्षानुवर्षे रखडलेले विधेयक पुढे सरकले आणि अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी जून 1938 मध्ये अन्न, औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्यावर सही केली. नवे औषध विकण्यापूर्वी ते निर्धोक असल्याचा पुरावा उत्पादकाने द्यावा, हा या कायद्याचा गाभा होता. विषशास्त्राच्या पुढील सर्व प्रगतीपेक्षा हा बदल मोठा मानला पाहिजे, कारण चुकीचा भार रुग्णावरून उचलून विक्रेत्यावर ठेवणारे ते पहिले मोठे पाऊल होते.

या द्रावकाचा अपराध प्राण्यांवरील प्रयोगांनी निश्चित करण्याचे काम ज्यांनी केले त्यांत शिकागो विद्यापीठातील यूजीन गाइलिंग यांची प्रयोगशाळा होती, आणि तेथे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांत फ्रान्सिस केल्सी या तरुणीचा समावेश होता. तिचे नाव पुढे दोन दशकांनी पुन्हा पुढे येते.

पुरावा मागायचा म्हणजे तो कसा मोजायचा हेही ठरवावे लागते. अन्न व औषध प्रशासनातील विषशास्त्रज्ञ अर्नोल्ड लेहमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1940 आणि 1950 च्या दशकांत त्यासाठी चाचण्यांची चौकट तयार केली. सशाच्या डोळ्यात पदार्थ घालून दाह मोजणारी आणि पुढे कुप्रसिद्ध झालेली ड्रेझ चाचणी 1944 मध्ये याच प्रशासनातून निघाली. लेहमन आणि गार्थ फिट्झह्यू यांनी 1954 मध्ये शंभरपट सुरक्षा-अंतराचा नियम मांडला. प्राण्यांत ज्या मात्रेपर्यंत कोणताही अपाय दिसत नाही तिला शंभराने भागावे, म्हणजे माणसाची निर्धोक मात्रा मिळते, असा हा नियम होता. प्राण्याहून माणूस अधिक संवेदनशील असू शकतो म्हणून दहा आणि माणसामाणसांतही फरक असतो म्हणून आणखी दहा, असे त्याचे स्पष्टीकरण पुढे रूढ झाले. उदाहरणार्थ, उंदराला दर किलो वजनामागे रोज दहा मिलिग्रॅमपर्यंत काही झाले नाही, तर माणसासाठी दर किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसासाठी दिवसाला सहा मिलिग्रॅम ही मर्यादा ठरते. फ्रेंच विषशास्त्रज्ञ रने ट्रुहो यांच्या पुढाकाराने अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने ‘स्वीकार्य दैनंदिन सेवनमात्रा’ ही संकल्पना प्रचारात आणली, आणि शंभराचा भागाकार जगभरच्या अन्नकायद्यांत रुजला. हा आकडा निसर्गातून मोजून काढलेला नव्हता. तो अनुभवी माणसांचा सावध अदमास होता, आणि पुढील पिढ्या या अदमासाला सिद्ध नियमासारखे वागवत गेल्या, ही गोष्ट नंतरच्या वादांच्या मुळाशी आहे.

थॅलिडोमाइडच्या प्रकरणाने या चौकटीची मर्यादा उघड केली. पश्चिम जर्मनीत 1957 पासून विकले जाणारे हे झोपेचे औषध उंदरांना प्रचंड मात्रेत देऊनही ते मरत नसत, म्हणून ते अत्यंत निर्धोक मानले गेले होते. गर्भावर त्याचा काय परिणाम होतो हे कोणी पाहिलेच नव्हते. जगभर सुमारे दहा हजार मुले हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली. अमेरिकेत मात्र 1960 मध्ये आलेला त्याचा अर्ज फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावर आला आणि त्यांनी कंपनीच्या दडपणाला न जुमानता अधिक पुरावा मागत तो रोखून धरला. ऑक्टोबर 1962 च्या कायदादुरुस्तीने औषध परिणामकारक असल्याचाही पुरावा बंधनकारक केला.

कर्करोगाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. कर्करोग घडवणाऱ्या पदार्थाला निर्धोक मात्रा असतेच असे म्हणता येत नाही, कारण एका पेशीच्या जनुकांतला एक बिघाडही पुरेसा ठरू शकतो, असा विचार तेव्हा बळावत होता. न्यूयॉर्कचे लोकप्रतिनिधी जेम्स डिलेनी यांच्या आग्रहाने 1958 च्या अन्न-मिश्रक दुरुस्तीत एक कलम आले, त्यानुसार माणसात वा प्राण्यात कर्करोग घडवणारे कोणतेही मिश्रक अन्नात चालणार नव्हते, मग त्याचे प्रमाण कितीही अल्प असो. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर 1959 मध्ये, अमिनोट्रायझोल या तणनाशकाचे अंश क्रॅनबेरीत आढळल्याचे सरकारने जाहीर करताच थँक्सगिव्हिंग सणाच्या तोंडावर या फळांचा बाजार कोसळला. कायद्याची भाषा निरपेक्ष होती, पण रसायने शोधण्याची यंत्रे झपाट्याने सूक्ष्म होत चालली होती. पूर्वी दशलक्षात काही भाग मोजणारी उपकरणे अब्जात एक भाग मोजू लागली, आणि काल जे शून्य होते ते आज शून्य राहिले नाही. जनावरांना दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या अवशेषांच्या निमित्ताने अन्न व औषध प्रशासनाला अखेर शून्याऐवजी आकडा ठरवावा लागला, आणि जन्मभराच्या सेवनाने दहा लाखांत एकाला कर्करोग, ही जोखीम नगण्य समजावी असा संकेत 1970 च्या दशकात रूढ झाला. उंदरांना दिलेल्या मोठ्या मात्रांवरून माणसाच्या अल्प मात्रांचा परिणाम सरळ रेषेने खाली ओढून काढायचा, ही त्यासाठीची गणिती पद्धत होती.

हे सारे गणित प्रयोगशाळेतील नोंदी खऱ्या आहेत या विश्वासावर उभे होते. अन्न व औषध प्रशासनाचे रोगनिदानतज्ज्ञ एड्रियन ग्रॉस यांना 1976 मध्ये इंडस्ट्रियल बायो-टेस्ट या इलिनॉयमधील मोठ्या कंत्राटी प्रयोगशाळेच्या अहवालांत संशयास्पद सुबकता दिसली. तपासात मेलेल्या उंदरांच्या जागी नवे उंदीर ठेवल्याचे आणि न झालेल्या चाचण्यांचे निकाल लिहिल्याचे उघड झाले. या प्रयोगशाळेच्या अहवालांवर अनेक कीटकनाशकांच्या आणि औषधांच्या परवानग्या आधारलेल्या होत्या. 1978 मध्ये निघालेले ‘उत्तम प्रयोगशाळा कार्यपद्धती’चे नियम याच घोटाळ्यातून जन्मले, आणि पुढे प्रयोगशाळेची प्रत्येक नोंद तपासता येईल अशा स्वरूपात राखणे बंधनकारक झाले.

त्याच दशकात एक वेगळी वाट उघडली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ब्रूस एम्स यांनी 1973 च्या सुमारास साल्मोनेला जीवाणूवर आधारलेली एक स्वस्त चाचणी प्रसिद्ध केली, जी एखादे रसायन जनुकांत बदल घडवते काय हे काही दिवसांत सांगू शकत होती. लहान मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांना आग लागू नये म्हणून लावले जाणारे ट्रिस हे रसायन या चाचणीत दोषी ठरले, आणि एप्रिल 1977 मध्ये अशा कपड्यांवर बंदी आली. जिवंत प्राण्याऐवजी पेशी आणि जीवाणू यांच्याकडून उत्तर मिळू शकते, याचा हा लोकांच्या घरापर्यंत पोहोचलेला पहिला पुरावा होता.

उलट सॅकरीनच्या प्रकरणाने उंदराकडून मिळालेले उत्तर माणसाला कितपत लागू पडते हा प्रश्न उभा केला. कॅनडातील अभ्यासात मोठ्या मात्रा दिलेल्या नर उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग झाला, म्हणून 1977 मध्ये अन्न व औषध प्रशासनाने डिलेनी तत्त्वानुसार बंदी प्रस्तावित केली. मधुमेही रुग्णांच्या आणि शीतपेय उद्योगाच्या रोषानंतर काँग्रेसने ती स्थगित केली. नंतर असे दिसून आले की उंदराच्या मूत्रात या पदार्थाने विशिष्ट स्फटिक साचतात, त्यांनी मूत्राशयाचे अस्तर खरवडले जाते, आणि माणसाच्या मूत्रात हे घडत नाही. 2000 मध्ये सॅकरीन अधिकृत कर्करोगकारकांच्या यादीतून वगळण्यात आले. अपाय झाला एवढेच न पाहता तो कोणत्या मार्गाने झाला हे पाहिले पाहिजे, ही या प्रकरणाची शिकवण विषशास्त्राने फार सावकाश स्वीकारली.

कामगारांच्या बाबतीत निर्णय न्यायालयात गेला. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने 1978 मध्ये कारखान्यांतील हवेत बेंझिनची मर्यादा दहा लाखांत दहा भागांवरून एक भागावर आणली. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे तेव्हा ज्ञात होते. तेल उद्योगाने नियमाला आव्हान दिले आणि जुलै 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण सध्याच्या पातळीवर ‘लक्षणीय जोखीम’ आहे असे प्रशासनाने आधी दाखवले नव्हते. अब्जात एक माणूस दगावण्याची शक्यता लक्षणीय नव्हे आणि हजारात एक असेल तर ती लक्षणीय मानता येईल, एवढाच अदमासे मार्ग न्यायालयाने सुचवला. आता प्रत्येक नियमाला आकड्यांचा आधार आवश्यक झाला. नवे अंदाज बांधून एक भागाची तीच मर्यादा 1987 मध्ये पुन्हा लागू झाली, पण मधली नऊ वर्षे कामगार दहापट मर्यादेखाली बेंझिनच्या वाफा हुंगत राहिले. अचूकतेच्या आग्रहाची ही किंमत या इतिहासात वारंवार दिसते, आणि ती जवळजवळ प्रत्येक वेळी त्याच लोकांनी दिली ज्यांना निर्णयाच्या टेबलावर जागा नव्हती.

या गोंधळातून वाट काढण्यासाठी काँग्रेसने राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या संशोधन परिषदेकडे सल्ला मागितला, आणि 1983 मध्ये परिषदेचा लाल मुखपृष्ठाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याने जोखीम मूल्यमापनाचे चार टप्पे सांगितले. पहिला अपायाची ओळख, म्हणजे पदार्थ कोणता विकार घडवू शकतो हे ठरवणे. दुसरा मात्रा आणि प्रतिसाद यांचे नाते, म्हणजे किती मात्रेला किती परिणाम हे शोधणे. तिसरा संपर्काचे मोजमाप, म्हणजे लोकांच्या शरीरात तो पदार्थ प्रत्यक्षात किती जातो हे पाहणे. आणि चौथा या तिन्हींच्या आधारे जोखमीचे वर्णन. त्यानंतर काय करायचे, बंदी घालायची की मर्यादा, हा निर्णय वेगळा ठेवावा, असे परिषदेने सुचवले. हे चार टप्पे आज जगातील बहुतेक नियामक संस्थांचा पाया आहेत. त्यांचे मोठेपण मान्य करूनही एक मर्यादा नोंदवली पाहिजे: विज्ञान आणि निर्णय यांच्यामधली रेषा कागदावर स्वच्छ आखता येते, परंतु पुरावा अपुरा असताना कोणते गृहीत धरायचे हा प्रश्न त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सांडतो.

आणि पुरावा फारच अपुरा होता. याच परिषदेने 1984 मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की वर्षाला दहा लाख पौंडांहून अधिक प्रमाणात तयार होणाऱ्या व्यापारी रसायनांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक रसायनांच्या विषारीपणाची कोणतीही माहिती उपलब्ध नव्हती. 1976 च्या विषारी पदार्थ नियंत्रण कायद्याने आधीपासून बाजारात असलेली सुमारे बासष्ट हजार रसायने तपासणीशिवायच मान्य करून टाकली होती. त्याच 1984 च्या डिसेंबरात भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेटच्या वायूने हजारोंचा जीव घेतला, आणि डॉक्टर उपचार ठरवत असताना या वायूविषयीचे विषशास्त्रीय ज्ञान किती तोकडे आहे हे जगाने पाहिले. भारतात 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि अमेरिकेत त्याच वर्षीचा रासायनिक माहितीच्या अधिकाराचा कायदा हे दोन्ही त्या दुर्घटनेचे परिणाम होत.

महाराष्ट्राला याच सुमारास अधिक जुना धडा पुन्हा शिकावा लागला. जानेवारी-फेब्रुवारी 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेल्या 14 रुग्णांचे मृत्यू झाले; त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले होते, म्हणजे टेनेसीच्या औषधातलेच द्रावक. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधांची खरेदी, तपासणी आणि प्रशासन या तिन्ही पातळ्यांवरील दोष निर्भीडपणे मांडले, आणि अहवालानंतर राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. येथे विज्ञानाची कोणतीही उणीव नव्हती. हे द्रावक माणसाला मारते हे 1937 पासून निर्विवाद होते आणि ते ओळखण्याची चाचणी उपलब्ध होती. उणीव होती ती चाचणी करण्याच्या आणि तिचा निकाल मानण्याच्या इच्छेची.

अमेरिकेत 1993 च्या एका अहवालाने दाखवून दिले की मुले मोठ्या माणसांची लहान प्रतिकृती नसून वजनाच्या मानाने अधिक फळे खातात, अधिक पाणी पितात आणि त्यांचा मेंदू घडत असतो. म्हणून 1996 च्या अन्न गुणवत्ता संरक्षण कायद्याने कीटकनाशकांच्या मर्यादा ठरवताना मुलांसाठी आणखी दहापट सुरक्षा-अंतर ठेवण्याची तरतूद केली. शंभराच्या भागाकारात गरज पडली की आणखी एक शून्य घालायचे, एवढेच त्या काळच्या पद्धतीला शक्य होते.

पण भागाकार करायलाही चाचणी लागते, आणि एका रसायनाच्या कर्करोग-चाचणीसाठी शेकडो उंदीर, त्यांची दोन वर्षांची आयुष्ये, अहवाल पूर्ण होईपर्यंत आणखी वर्षे आणि लाखो डॉलर खर्ची पडत. या गतीने हजारो अपरीक्षित रसायने तपासणे कधीच शक्य नव्हते. युरोपीय संघाने 1 जून 2007 रोजी ‘रीच’ हा कायदा लागू करून माहिती नाही तर बाजार नाही हे तत्त्व स्वीकारले. त्यामुळे माहितीची मागणी प्रचंड वाढली. त्याच वर्षी अमेरिकी संशोधन परिषदेने एकविसाव्या शतकातील विषचाचण्यांविषयीचा आपला अहवाल प्रसिद्ध केला. डॅनियल क्रूस्की यांच्या अध्यक्षतेखालील या समितीचे प्रतिपादन असे होते की पूर्ण प्राण्यात रोग उमटण्याची वाट पाहण्याऐवजी मानवी पेशींतील कोणता जैविक मार्ग बिघडतो हे शोधावे, आणि तो बिघाड ज्या मात्रेला सुरू होतो तिच्यावरून मर्यादा ठरवावी.

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1959 मध्येच प्राण्यांचा वापर टाळावा, कमी करावा आणि सुसह्य करावा असे सुचवले होते. 1980 च्या दशकात प्राणिप्रेमी संघटनांनी ड्रेझ चाचणीविरुद्ध मोहीम उभारली होती. 2007 च्या अहवालाने करुणेच्या या हेतूला वेग आणि मानवी जीवशास्त्र या दोन कारणांची जोड दिली. पुढल्या वर्षी राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रम, राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे रासायनिक जनुककेंद्र आणि पर्यावरण संरक्षण संस्था यांनी ‘टॉक्स21’ हा संयुक्त प्रकल्प सुरू केला, आणि 2010 मध्ये अन्न व औषध प्रशासनही त्यात आले. या प्रकल्पात यंत्रमानव हजाराहून अधिक सूक्ष्म खळगे असलेल्या ताटल्यांत मानवी पेशी ठेवून, सुमारे दहा हजार रसायने वेगवेगळ्या मात्रांत त्यांच्यावर तपासतात. पेशीत दिसलेली मात्रा रक्तात येण्यासाठी माणसाला किती प्रमाणात पदार्थ घ्यावा लागेल, याचे उलट गणित नंतर संगणकावर मांडले जाते.

ही पद्धत नियमनात उतरली त्याची दोन उदाहरणे ठोस आहेत. स्त्री-संप्रेरकासारखे वागणारी रसायने ओळखण्यासाठी अपरिपक्व मादी उंदरांच्या गर्भाशयाचे वजन मोजावे लागे. 2015 मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने त्याऐवजी पेशींवरील 18 चाचण्यांचे एकत्रित गणिती प्रारूप स्वीकारले. त्वचेची ॲलर्जी घडवणारे पदार्थ गिनीपिगवर वा उंदरांवर तपासले जात. हा विकार कसा घडतो याची साखळी नीट समजल्यामुळे, म्हणजे रसायन त्वचेच्या प्रथिनाला चिकटते, मग त्वचापेशी चेततात, मग रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात, हा क्रम ज्ञात झाल्यामुळे, प्रत्येक कडीची स्वतंत्र चाचणी काचपात्रात करता येऊ लागली. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने जून 2021 मध्ये या चाचण्यांवर आधारलेली मार्गदर्शिका सदस्य देशांसाठी प्रसिद्ध केली. युरोपीय संघाने 2013 पर्यंत प्राण्यांवर तपासलेल्या सौंदर्यप्रसाधनांच्या विक्रीवर पूर्ण बंदी आणली होती, आणि भारतानेही 2014 मध्ये अशा चाचण्यांवर आणि त्याच वर्षी अशा प्रसाधनांच्या आयातीवर बंदी घातली.

तरीही पेशींची ताटली म्हणजे माणूस नव्हे. यकृतात पदार्थाचे रूपांतर होते, गर्भात आणि मेंदूत अनेक अवयवांची देवाणघेवाण चालते, आणि वर्षानुवर्षांच्या अल्प संपर्काचे परिणाम आठवडाभराच्या चाचणीत दिसत नाहीत. ताटलीत काही दिसले नाही म्हणून रसायन निर्धोक असे जाहीर करण्याचा मोह उद्योगाला होणे स्वाभाविक आहे, आणि तो रोखण्यासाठी नव्या पद्धतींनाही जुन्या पद्धतींइतकीच कठोर पारख लावली पाहिजे. 2016 च्या लॉटेनबर्ग कायद्याने अमेरिकेत जुन्या रसायनांची तपासणी बंधनकारक केली आणि त्याच वेळी पृष्ठवंशी प्राण्यांवरील चाचण्या कमी करण्याचा आदेश दिला. डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या कायद्याने 1938 च्या औषध कायद्यात नंतरच्या दुरुस्तीने आलेली प्राण्यांवरील चाचण्यांची अट सैल करून पेशी, अवयवांची सूक्ष्म प्रतिरूपे आणि संगणकीय प्रारूपे यांना समान स्थान दिले. एप्रिल 2025 मध्ये अन्न व औषध प्रशासनाने प्रतिपिंड-औषधांपासून सुरुवात करून प्राण्यांवरील चाचण्या टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा आराखडा जाहीर केला. जुने आणि नवे एकत्र नांदतात याची साक्षही त्याच वर्षी मिळाली: जानेवारीत एरिथ्रोसिन या लाल खाद्यरंगाची परवानगी डिलेनी कलमानुसार काढून घेण्यात आली, जरी नर उंदरांतील त्याचा कर्करोग ज्या संप्रेरकीय मार्गाने होतो तो माणसात घडत नाही असे प्रशासनाचे मत होते.

मूल्यमापनाच्या चार टप्प्यांपैकी तिसरा, म्हणजे प्रत्यक्ष संपर्काचा, भारतात सर्वांत दुबळा आहे, आणि याचा पुरावा विदर्भाने दिला. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात आले आणि त्यांतील वीसच्या आसपास दगावले. परवानगीच्या कागदावर प्रत्येक कीटकनाशक एकेकटे असते आणि फवारणी करणारा हातमोजे, मुखपट्टी आणि अंगभर पोशाख घालून असतो. शेतात मात्र दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळली जातात, कपाशी डोक्याएवढी वाढलेली असते आणि उकाड्यात शर्टही ओला होऊन अंगाला चिकटतो. एकत्र मिसळलेल्या विषांचा परिणाम मोजण्याची शास्त्रीय साधने आता आहेत. ती येथील शेताला लावून पाहणे हे येथील कृषी विद्यापीठांचे आणि नियामकांचे काम आहे, आणि ते दुसऱ्या देशाच्या आकड्यांवर सोडता येणार नाही.

अमेरिकेत प्राण्यांवरील चाचण्यांना पर्याय देणारा आराखडा ज्या वर्षी जाहीर झाला त्याच 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. तीन वर्षांपूर्वी गांबियात साठहून अधिक मुलांच्या मृत्यूंचा संबंध भारतातून गेलेल्या औषधांशी जोडला गेला होता. छिंदवाड्याच्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण 48 टक्क्यांहून अधिक निघाले, तर कमाल मर्यादा 0.1 टक्का आहे. घटनेनंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनी सर्व राज्यांना कळवले की कच्च्या मालाची आणि तयार औषधाची प्रत्येक तुकडी बाजारात जाण्यापूर्वी तपासली जाईल याची खात्री करावी. ही तपासणी औषध नियमांत आधीपासूनच बंधनकारक होती.